शेवंडाच्या मिशा आधी, शिक्का शेवटी: जुनी सागरी पोर्सिलेन भांडी जमवायची तर

झाकणावर ऐटीत बसलेला लाल शेवंड, कडेने शिंपले आणि शेवाळ, आणि तळाला नामांकित कारखान्याचा शिक्का. असं भांडं समोर आलं की बहुतेकांचा हात आधी ते उलटं करायला जातो. शिक्का खरा वाटला की पाकीट उघडतं. माझं पहिल्या खरेदीत हेच झालं. शिक्का खरा होता. शेवंडाच्या दोन्ही मिशा आणि एक नांगी मात्र कुणीतरी राळेची करून, रंगवून चिकटवलेली होती. वर्षभरात रंग पिवळा पडला तेव्हा मला ते कळलं.

म्हणून इथे तपासणीचा क्रम नेहमीपेक्षा उलटा ठेवला आहे. आधी माती, मग साचा, मग टोकं, मग झाकण, आणि शिक्का सगळ्यांत शेवटी. शिक्का काढायला कुंचल्याचे दोन फटके पुरतात. मातीचं आणि साच्याचं सोंग आणणं त्या मानाने फार कठीण असतं.

कशाच्या मागे लागायचं?

समुद्री प्राण्यांच्या आकाराची वाढपाची भांडी हे विषयाचं नाव झालं. प्रत्यक्षात हे चार-पाच वेगवेगळे छंद आहेत. सगळे एकदम करायला गेलात तर कशातच नजर बसणार नाही.

सगळ्यांत मानाचं घराणं १८व्या शतकातल्या मिठाच्या आणि लोणच्याच्या छोट्या भांड्यांचं. लंडनजवळच्या चेल्सी कारखान्याची क्रेफिशची मीठदाणी हा त्यातला मुकुटमणी. एक शिंपला, आणि त्याला बिलगून बसलेला गोड्या पाण्यातला शेवंड. हा कारखाना उभा करणारा निकोलस स्प्रिमाँ मूळचा आजच्या बेल्जियममधल्या लिएजचा चांदीकाम करणारा कारागीर. त्याने १७४२-४३ च्या सुमारास चांदीत खेकड्यांच्या आणि क्रेफिशच्या मीठदाण्या घडवल्या. त्या आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहेत. दोनचार वर्षांतच तोच विचार पोर्सिलेनमध्ये उतरला. म्हणून चेल्सीच्या सुरुवातीच्या भांड्यांत कुंभाराच्या चाकापेक्षा सोनाराची हातोडी जास्त दिसते. बो, डर्बी आणि प्लिमथ या इंग्लिश कारखान्यांनी शिंपल्यांचे मजले रचून लोणच्याचे आणि मिठाईचे उभे स्टँड केले. त्यांतले पुष्कळ शिंपले खऱ्या शिंपल्यांवरून साचे घेऊन पाडलेले असत. फिलाडेल्फियात बॉनिन आणि मॉरिस या जोडीने १७७० ते १७७२ एवढाच काळ कारखाना चालवला. त्यांचे तीन शिंपल्यांचे स्टँड आज मुख्यतः संग्रहालयांतच भेटतात.

दुसरं घराणं प्राण्याच्याच आकाराच्या झाकणभांड्यांचं, ज्यांना ट्युरीन म्हणतात. चीनमधून युरोपकडे निर्यात होणाऱ्या पोर्सिलेनमध्ये, चियनलाँग सम्राटाच्या काळात (१७३६ ते १७९५), खेकड्याच्या आणि माशाच्या आकाराची ट्युरीन झाली. खेकड्याची पाठ हेच झाकण. जर्मनीतल्या मेस्सेन कारखान्याचा प्रसिद्ध हंस-संच (१७३७ ते १७४२) याच काळातला. तिथला शिल्पकार योहान योआखिम केंडलर याने सॅक्सनीचा मंत्री काउंट ब्र्यूल याच्यासाठी घडवलेल्या त्या दोन हजारांहून अधिक नगांच्या संचात ताटलीच्या पृष्ठभागावरच शिंपल्याच्या रेघा उठवल्या आहेत. तो आकार कारखाना आजही काढतो, हे लक्षात असू द्या.

१९व्या शतकात हा प्रकार राजवाड्यातून मध्यमवर्गाच्या टेबलावर आला. अमेरिकेत तेव्हा कालवं मुबलक आणि स्वस्त होती, आणि त्यांच्यासाठी खास खळग्यांच्या ताटल्या निघाल्या. पाच-सहा कालवांसाठी पाच-सहा खळगे, आणि बहुधा चटणीसाठी आणखी एक. न्यूयॉर्कच्या ग्रीनपॉइंट भागातल्या युनियन पोर्सिलेन वर्क्सची ताटली तर बघत राहावी अशी: अख्खा आकारच शिंपल्याचा, मधेमधे बारीक समुद्री जीव, आणि मागे ४ जानेवारी १८८१ ही पेटंटची तारीख. फ्रान्समधल्या लिमोजच्या हाविलाँ कंपनीने राष्ट्राध्यक्ष रदरफर्ड हेझ यांच्या व्हाइट हाउससाठी केलेल्या संचातही कालवांच्या ताटल्या होत्या. थिओडोर डेव्हिस या चित्रकाराने १८७९ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर बसून त्यांची चित्रं काढली, आणि संच १८८० मध्ये पोचला. त्याच आराखड्यांच्या ताटल्या कंपनीने नंतर सर्वसामान्य ग्राहकांनाही विकल्या. तेव्हा ‘व्हाइट हाउसची ताटली’ असं कुणी सांगितलं तर तिच्या हस्तांतराची कागदपत्रं मागा.

आयर्लंडच्या फरमॅना परगण्यातलं बलीक हे आणखी वेगळं प्रकरण. कागदासारखं पातळ पॅरियन, म्हणजे संगमरवरासारखं दिसणारं पोर्सिलेन, त्यावर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी मोतिया चमक, आणि आकार शंखांचे, समुद्री साळिंदरांचे, प्रवाळांचे. शेवटी जर्मनीच्या बव्हेरियातल्या टेटाउचा रॉयल बायरॉइट कारखाना. १९व्या शतकाच्या अखेरीपासून पहिल्या महायुद्धापर्यंतच्या सुमारास त्यांनी लाल शेवंडाच्या आकाराचे दुधाचे लहान जग, मोहरीची भांडी, सॅलडचे वाडगे असं बरंच काही काढलं. ही भांडी थोडी विनोदी वाटतात. त्यांना नाकं मुरडणारे संग्राहक आहेत. मी त्यांतला नाही.

सुरुवात कालवांच्या ताटल्यांनी करावी असं माझं मत आहे. त्या सपाट असतात, बाहेर आलेली टोकं कमी, नमुने शेकडो. शिवाय चूक झाली तरी एका ताटलीची होते. पहिलीच खरेदी म्हणून शेवंडाचं झाकणभांडं घेणं म्हणजे पोहायला शिकायच्या आधी भरतीत उतरणं.

पहिली पायरी: ही पोर्सिलेन आहे का?

या विषयातली अर्धी सुंदर भांडी पोर्सिलेन नसतातच. १६व्या शतकात बर्नार पालिसी या फ्रेंच कुंभाराने मासे, सरडे, क्रेफिश यांनी भरलेली ताटं केली ती शिशाच्या झिलईची साधी मातीची भांडी. मिंटन या इंग्लिश कारखान्याचं मॅजोलिका (रंगीत झिलईची भांडी), आणि राफाएल बोर्दालो पिन्येरोने १८८४ मध्ये पोर्तुगालच्या काल्दास दा राइन्यात काढलेल्या कारखान्याचे शेवंड-खेकडे हेही मातीचेच. जमवायला हरकत काहीच नाही, फक्त पोर्सिलेन म्हणून घेऊ नका.

ओळखायला दिवा हवा. भांड्याचा पातळ भाग छोट्या पण तेजस्वी टॉर्चसमोर धरा. पोर्सिलेनमधून उजेड आरपार झिरपतो. मातीच्या भांड्यातून नाही. जाड ट्युरीनच्या अंगातून पोर्सिलेनमध्येही उजेड दिसणार नाही, म्हणून कड किंवा पानाचं टोक निवडा. मग पायाच्या कडेवरची झिलई नसलेली जागा बघा. सच्छिद्र, तपकिरी किंवा पिवळसर माती दिसली की विषय संपला.

पोर्सिलेनमध्येही दोन जाती. मेस्सेन, चिनी निर्यात, लिमोज आणि युनियन यांचं कडक पोर्सिलेन: केओलिन (पांढरी चिनी माती) घालून सुमारे १४०० अंश सेल्सिअसला भाजलेलं, थंड, काचेसारखं, झिलई अंगाशी एकजीव. चेल्सी आणि बो यांचं मऊ पोर्सिलेन: झिलई थोडी जाड, खाचांत साचलेली, स्पर्श साबणासारखा. टवका उडालेला असेल तर तोही बघा. कडक पोर्सिलेनचा टवका गुळगुळीत आणि वक्र निघतो, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा. भूशास्त्रात त्याला शंखाभ भंग म्हणतात, आणि शेवंडाच्या भांड्यावर तो बघताना गंमत वाटते. मऊ पोर्सिलेन साखरेच्या खड्यासारखं दाणेदार फुटतं.

याचा उपयोग असा: पॅरिसच्या साम्साँ कंपनीने १९व्या शतकात चेल्सीच्या वस्तूंच्या भरपूर नकला केल्या, पण केल्या कडक पोर्सिलेनमध्ये. जहाजाच्या नांगराचा शिक्का चेल्सीचा आणि अंग कडक, थंड, काचेसारखं, असं दिसलं की तिथेच थांबा. चेल्सीच्या लाल नांगराच्या काळातल्या भांड्यांत उजेडासमोर फिकट गोल ठिपके दिसतात. मातीत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचे ते ठिपके. संग्राहक त्यांना ‘चंद्र’ म्हणतात.

दुसरी पायरी: मोजपट्टी

हा भाग थोडक्यात, पण वगळू नका. पोर्सिलेन वाळताना आणि भाजताना साधारण दहा-पंधरा टक्के आकसतं. मूळ भांड्यावरूनच साचा घेऊन नक्कल काढली तर ती मुळापेक्षा तेवढी लहान भरते. संग्रहालयाच्या नोंदीत क्रेफिशची मीठदाणी ज्या रुंदीची आहे त्याहून तुमच्या हातातली दीड सेंटिमीटर कमी भरली, तर कारण विचारलं पाहिजे. लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आणि ब्रिटिश म्युझियम यांच्या ऑनलाइन नोंदींत मापं दिलेली असतात. ती आधी लिहून घ्या.

नकलेत तपशीलही बोथट होतो. शेवंडाच्या पाठीवरच्या खवल्यांच्या कडा, शिंपल्याच्या वाढीच्या रेघा, खेकड्याच्या पायांचे सांधे भिंगाखाली बघा. साच्याचे जोड चांगल्या कारखान्यात हाताने घासून मिटवलेले असतात. स्वस्त मालात ते शेवंडाच्या पोटाखालून रेघेसारखे धावतात.

तिसरी पायरी: मिशा, नांग्या, शेपट्या

इथे घाई करू नका. भांडं शेल्फवरून काढताना, धुताना, पेटीत ठेवताना जे आधी आपटतं ते बाहेर आलेलं टोक. शंभर-दीडशे वर्षं जुन्या शेवंडाच्या दोन्ही मिशा अगदी शाबूत असतील तर मी आनंदी होण्याआधी सावध होतो.

आधी डोळे मिटून बोट फिरवा. झिलईवरून बोट घसरतं. रंगाच्या थरावर ते किंचित अडखळतं. मग मिशी ओठाला किंवा गालाला हलकेच लावा. पोर्सिलेन थंड लागतं, राळ कोमट आणि जड नसल्यासारखी. नखाने हलकी टिचकी मारली की पोर्सिलेन किणकिणतं, राळ ठक्क करते. सुईने खरवडू नका, ॲसिटोन लावू नका. भांडं अजून तुमचं झालेलं नाही.

त्यानंतर अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च. जुन्या दुरुस्तीचा रंग आणि गोंद बऱ्याचदा आजूबाजूच्या झिलईपेक्षा वेगळेच उजळतात, दुधाळ किंवा पिवळट. पण आता असे रंगही मिळतात जे या उजेडात उठून दिसत नाहीत, म्हणून टॉर्चने काही दाखवलं नाही तर त्यावरून भांडं निर्दोष ठरत नाही. रंगाची छटा बघा: दोन नांग्यांपैकी एकीचा लाल जास्त सपाट आहे का? तिच्यावरचे बारीक ठिपके दुसरीइतके मोकळ्या हाताचे आहेत का? डागडुजी करणारा तुटलेल्या भागापुरताच रंग लावून थांबत नाही. जोड लपवायला तो आसपासच्या चांगल्या झिलईवरही फवारतो. चकाकी एकदम मंद होत गेलेला पट्टा दिसला की त्याच्या मधोमध तडा असणार असं धरून चाला.

पायांच्या खाली, जिथे प्राणी भांड्याला चिकटतो, तिथेही बघा. भट्टीतच पडलेल्या चिरा तिथे असतात. त्यांच्या कडा गोलसर असतात आणि झिलई आत उतरलेली असते. तो दोष जन्मजात, त्याने किंमत फारशी घसरत नाही. नंतर पडलेला तडा धारदार असतो, आणि त्यात काळसर मळ बसलेला असतो.

दुरुस्ती म्हणजे वाईटच असं मात्र नाही. १८व्या-१९व्या शतकात फुटलेली भांडी धातूचे टाके मारून सांधत. तळाला असे गंजलेले टाके दिसले तर ते लपवाछपवीचं काम नव्हे. कुणाला तरी हे भांडं टाकवलं नाही एवढंच ते सांगतात. चेल्सीची टाके मारलेली मीठदाणी मी निर्दोष भासणाऱ्या रंगवलेल्या मीठदाणीपेक्षा आधी घेईन.

चौथी पायरी: झाकण कुणाचं?

झाकण मूळचंच आहे का हे बसवून बघितल्याशिवाय कळत नाही. ते डुगडुगता कामा नये, आणि नक्षी खालच्या भांड्यावर अखंड चालू राहिली पाहिजे. पांढऱ्याची छटा दोन्हींत एकच आहे का ते दिवसाच्या उजेडात बघा. आत कोरलेले किंवा रंगवलेले आकडे असतील तर ते जुळतात का तेही. मोहरीच्या भांड्यात चमच्यासाठी झाकणाला खाच असते. तिच्या कडेला टवके हटकून सापडतात.

पाचवी पायरी: आता भांडं उलटं करा

इथपर्यंत आलेलं भांडं जे सांगतं त्याच्याशी शिक्का जुळतो का, एवढंच बघायचं.

मेस्सेनचा एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारींचा शिक्का १७२०च्या दशकापासून आजवर चालू आहे, म्हणून नुसत्या तलवारींवरून काळ ठरत नाही. तलवारींवर ओरखडे काढलेले असतील तर भांडं दुय्यम प्रतीचं किंवा न रंगवताच विकलेलं असू शकतं. चेल्सीचा क्रम असा: कोरलेला त्रिकोण (साधारण १७४५ ते ४९), उठावाचा नांगर (१७४९ ते ५२), लाल नांगर (१७५२ ते ५६), सोनेरी नांगर (१७५६ ते ६९). खरा नांगर जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा, तोही कुठेतरी कोपऱ्यात. मधोमध ठसठशीत सोनेरी नांगर हे नकलेचं लक्षण.

बलीकचा शिक्का सगळ्यांत उपयोगी. शिकारी कुत्रा, वीणा, मनोरा आणि शॅमरॉकची (आयर्लंडच्या तीनपानी वनस्पतीची) पानं हा पहिला काळा शिक्का १८६३ ते १८९१ चा. खाली परगण्याच्या आणि आयर्लंडच्या नावाची पट्टी आली की १८९१ ते १९२६. त्यात गोल केल्टिक मोहोर आली की १९२६ ते १९४६. त्यानंतर शिक्का हिरवा झाला. रॉयल बायरॉइटच्या शिक्क्यातलं १७९४ हे कारखाना सुरू झाल्याचं साल आहे, भांड्याचं नव्हे. विक्रेते ते भांड्याचं साल म्हणून कसे खपवतात हे एकदा बघितलं की विसरत नाही. त्यांचे अनेक शेवंड बिनशिक्क्याचेही असतात.

अमेरिकेत विकायच्या मालावर १ मार्च १८९१ पासून देशाचं नाव घालणं आलं. त्यामुळे देशाचं नाव असलेलं भांडं बहुधा त्यानंतरचं. नाव नसलेलं आधीचंच, असं मात्र नाही, कारण इतर देशांत विकलेल्या मालाला तो नियम नव्हता. जपानी मालावर १९२१ पर्यंत ‘निप्पॉन’, पुढे ‘जपान’. ‘ऑक्युपाइड जपान’ लिहिलेले खेकडे-शेवंड दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९५२ पर्यंतच्या ताबेदारीच्या काळातले. ब्रिटिश भांड्यावर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा नोंदणी-शिक्का असेल तर तो १८४२ ते १८८३ मधला. तो आराखड्याच्या नोंदणीचा दिवस सांगतो. भांडं त्यानंतर कधीही बनलेलं असू शकतं.

घेताना

लिलावाच्या यादीतली भाषा जपून वाचा. ‘चेल्सी’ आणि ‘चेल्सी धाटणीचं’ यांत दीडशे वर्षांचं अंतर असू शकतं. दोषांचा अहवाल लेखी मागा. फोटोंची मागणी नेमकी करा: प्रत्येक मिशीचं टोक, प्रत्येक नांगी दोन्ही बाजूंनी, झाकण काढून आतली कड, पायाची कड, अतिनील उजेडातला एक फोटो, आणि मोजपट्टी शेजारी ठेवून एक. ‘वयानुरूप झीज’ एवढंच उत्तर आलं तर तो सौदा मी सोडतो.

पाठवणीचंही आधी ठरवा. झाकण आणि भांडं वेगळं गुंडाळलेलं हवं. मिशांभोवतीची पोकळी मऊ टिश्यूने भरलेली हवी, घट्ट गुंडाळलेली नव्हे, कारण गुंडाळतानाच मिशा मोडतात. खोक्यात खोकं, आणि दोन्हींच्या मधे चार बोटं गादी. चिकटपट्टी मुलाम्याला कधीच लागता कामा नये.

घरी आणल्यावर

सिंकमध्ये नको. प्लॅस्टिकच्या टबात तळाला टॉवेल अंथरून, कोमट पाणी आणि सौम्य साबण. खाचांसाठी मऊ कुंचला. सोन्याचा मुलामा घासायचा नाही. जुनी दुरुस्ती असेल तर भांडं भिजवायचंच नाही, ओल्या कापसाने पुसायचं. प्राण्याचं अंग पोकळ असेल तर भट्टीतली वाफ जायला ठेवलेलं बारीक भोक खाली कुठेतरी असतं. त्यातून आत गेलेलं पाणी दिवसेंदिवस गळत राहतं. ते भोक आधी शोधून बोटाने झाका. डिशवॉशर आणि ब्लीच यांचं नाव काढू नका.

त्यात वाढायचं का? झिलईवरच्या जुन्या रंगांत शिसं असू शकतं, चेल्सी-बोसारख्या मऊ पोर्सिलेनच्या झिलईत तर ते असतंच, आणि लिंबू-व्हिनेगरसारख्या आंबट पदार्थांनी ते सुटतं. समुद्री खाद्याबरोबर नेमकं तेच येतं. म्हणून माझ्या ताटल्या भिंतीवर आहेत आणि जेवण दुसऱ्या ताटात. भिंतीवर लावताना स्प्रिंगची तारेची आकडी वापरू नका; ती कडेवर ताण देते आणि टोकांशी टवके पाडते. शेल्फवर संग्रहालयात वापरतात ते मेण चार ठिपके लावलं की पाय घसरत नाहीत. ताटल्यांची चळत करायचीच असेल तर मधे फेल्ट घाला आणि सहाच्या वर जाऊ नका.

आणि एक वही ठेवा. तारीख, कुठून घेतलं, काय दिलं, मापं, वजन, आणि त्या दिवशी दिसलेला प्रत्येक दोष, डाव्या-उजव्या नांगीसकट. शेवंड तुमच्याकडे तोंड करून बसलेला असताना त्याची डावी नांगी तुमच्या उजवीकडे असते. कुठली डावी धरली तेही पहिल्या पानावर लिहून टाका.